पहिल्या रात्रीचे बेदाणे

तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. त्यामुळं चतुर्थीच्या रात्री आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आरती झाली, जेवणं उरकली, की माजघरात सतरंजी पडते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं जाहीर केलं, ‘‘यंदा मेंढीकोट नाही, पोकर खेळायचं.’’ पैशांनी खेळायचं नाही, अशी मी अट घातली. मग पैशांऐवजी काय? तासगावात याचं उत्तर शोधावं लागत नाही. डब्यातून बेदाणे आले. प्रत्येकाला पन्नास.

खेळ सोपा आहे. दोन पानं आपल्या हातात आणि पाच पानं सगळ्यांसाठी मध्ये उघडी. या सातांतल्या चांगल्यात चांगल्या पाच पानांचा संच ज्याचा मोठा, तो जिंकला. मात्र पानं उघडत जातात तसतसे बेदाणे लावायचे. समोरच्यानं वाढवले तर आपणही तेवढे घालायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. बाकीचे सगळे घाबरून बाजूला झाले, तर हातात काही नसलेलाही डाव मारतो.

आम्ही सहाजण बसलो. त्यांत आमच्या वहिनी. वय सत्तरीच्या पुढं. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट आणि चॅलेंज एवढेच खेळ त्यांना ठाऊक. पण रात्री एक वाजता वहिनींपुढं बेदाण्यांची रास होती आणि खेळ शिकवणाऱ्या भाच्याची वाटी रिकामी! ‘‘मामी, तुम्ही नक्की पहिल्यांदाच खेळताय ना?’’ असं त्यानं तीनदा विचारलं.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळं ही नुसती गंमत म्हणून सोडवेना. नवख्या माणसाला हे जमतं कसं?

पहिलं कारण नशीब. बावन्न पानांतून दोन पानं 1,326 प्रकारे येऊ शकतात. त्यांतले 78 प्रकार जोडीचे, म्हणजे सतरा वेळांत सरासरी एकदा जोडी हाती येते. आम्ही साठेक डाव खेळलो असू. त्यांत कुणाला सहा जोड्या येतात, तर कुणाला एकच. शिवाय सहाजण अगदी सारख्याच तयारीचे असले, तरी रात्रीअखेर कुणीतरी एकजण पुढं असणारच आणि तो नवखा असण्याची शक्यता सहात एक. जो नवखा नऊ वाजताच हरून चहा टाकायला उठतो, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. जिंकलेल्याची मात्र वर्षभर चालते.

दुसरं कारण अधिक मजेचं. एका डावात वहिनींना बदाम सत्ती आणि किलवर दुर्री आली. पोकरमध्ये वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री ही सुरुवातीची सर्वांत कमकुवत पानं समजतात. जाणता खेळाडू ती लगेच टाकून देतो. पण बदाम सात खेळून मुरलेल्या वहिनी बदाम सत्ती सोडतील होय? मध्ये आणखी दोन सत्त्या उघडल्या. भाच्याकडं दोन राजे होते. वहिनी बेदाणे वाढवत होत्या आणि त्याच्या मनात सत्तीचा विचारसुद्धा आला नाही, कारण ‘सत्ती-दुर्रीवर कुणी खेळत नाही’ हे तो शिकलेला होता! जाणत्याचं प्रत्येक पाऊल काहीतरी सांगत असतं आणि दुसरा जाणता ते वाचतो. नवख्याच्या पावलाला ठरलेला अर्थच नसतो, मग वाचणार काय? जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थतज्ज्ञाबरोबर 1944 मध्ये खेळांच्या गणितावर ग्रंथ लिहिला. त्यात पोकरचं उदाहरण घेऊन दाखवलं आहे, की चांगल्या खेळाडूनं अधूनमधून कमी पानांवरही मोठी बोली केली पाहिजे, नाहीतर त्याचा हात सगळ्यांना ओळखू येतो. वहिनी ते अजाणता करत होत्या.

तिसरं कारण म्हणजे खरं कौशल्य. शेवटच्या डावात भाच्यानं उरलेले सगळे बेदाणे पुढं सरकवले. वहिनींकडं नुसती दश्श्यांची जोडी. त्यांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि तेवढे बेदाणे घातले. भाच्याकडं काहीच नव्हतं! नंतर म्हणाल्या, ‘‘अरे, चॅलेंज खेळताना खोटं पान सांगायचास, तेव्हा लहानपणापासून हातातली पानं नीट लावत बसतोस. आत्ताही तेच केलंस.’’ पत्ते नवे होते, माणूस ओळखीचा होता. नवखा कोरी पाटी घेऊन येत नाही. जुन्या खेळांतली आठवण, धीर, माणसं पारखायची सवय त्याच्यासोबत येते.

आता या तिन्हींतला वाटा किती कुणाचा? एका रात्रीत ते सांगता येत नाही. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला ‘लिब्रेटस’ हा संगणक चार धंदेवाईक पोकरपटूंशी खेळला आणि जिंकला. वीस दिवसांत 1,20,000 डाव झाले. एवढे डाव अशासाठी, की कमी डावांत नशीब कुठं संपतं आणि कौशल्य कुठं सुरू होतं, हे खात्रीनं म्हणता येत नाही. आमचे साठच होते.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मित्रांनी मला तीन पानी खेळायला बसवलं. पहिल्याच रात्री मी चाळीस रुपये जिंकलो. त्या काळी ती रक्कम मोठी होती. आपल्याला हे जमतं, अशी माझी खात्री पटली. पुढची दोन वर्षं मी ती खात्री खरी करायला बसत राहिलो. पगार गेला, शेवटी सायकलही गेली. पहिल्याच रात्री हरलो असतो, तर सायकल वाचली असती.

माणसाला असे दाखले फार लवकर पटतात. 2003 साली ख्रिस मनीमेकर हा अमेरिकन हिशेबनीस 839 खेळाडूंमधून पोकरचा जगज्जेता झाला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. इंटरनेटवरच्या थोडक्या पैशांच्या स्पर्धेतून त्यानं तिथं जागा मिळवली होती. दुसऱ्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 जण आले. प्रत्येकाला वाटत होतं, त्याला जमलं तर मला का नाही? पुढं हाच प्रश्न मोबाइलमधून आपल्या घरांत शिरला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही.

त्या रात्री भाचा वहिनींना म्हणाला होता, ‘‘मामी, एवढं जमतंय तर मोबाइलवर खेळा. पैसे मिळतील.’’ वहिनी बेदाणे डब्यात भरता भरता म्हणाल्या, ‘‘मोबाइलवर समोरचा पानं नीट लावतोय की नाही, ते मला कुठं दिसणार?’’

दुसऱ्या दिवशी रथ बघून आलो, तेव्हा जिंकलेले बेदाणे शिऱ्यात पडले होते. भाच्यानं दोनदा मागून घेतला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)