टोपीखालचा सोरायसिस आणि टाचेचे दुखणे

जाफराबादजवळच्या खेड्यातील एक शेतकरी टाचदुखीसाठी माझ्याकडे आला होता. वय चाळिशीचे. मी गोळ्या दिल्या, मऊ चप्पल वापरायला सांगितली. दुखणे आठ दिवस थांबे, पुन्हा सुरू होई. तिसऱ्या खेपेला तो सहज बोलून गेला, "डॉक्टरसाहेब, पहाटं म्हशीची धार काढताना बोटंबी मिटत न्हाईत." तेव्हा कुठे मी त्याला टोपी काढायला लावली. केसांच्या कडेने चंदेरी पापुद्रे! "ते बारा वर्षांचं जुनं हाय, त्याचं काय?" चूक माझीच, पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, तरी लोक लाजेने लपवतात. या रोगात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते आणि काहींच्या बाबतीत ती सांध्यांवर, तसेच स्नायूंच्या दोऱ्या हाडाला जिथे चिकटतात त्या जागांवरही उलटते. म्हणून टाच दुखते. बहुतेकांत आधी कातडी बिघडते, सांधे कित्येकदा दहा वर्षांनी. चट्टे थोडेच आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. डोक्यात किंवा नखांत सोरायसिस असेल तर धोका अधिक असतो.

२००९ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सोरायसिसच्या रुग्णांसाठी पाच साधे प्रश्न प्रसिद्ध केले. कधी सांधा सुजला होता का? संधिवात आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले का? नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचे वा पायाचे एखादे बोट कारण नसताना सबंध सुजून दुखले का? तिनांची उत्तरे 'होय' आली तर तज्ज्ञाला दाखवावे. मी यात सकाळच्या आखडण्याचा प्रश्न जोडतो. अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडत असतील तर तेही सांगावे.

रक्ताची 'आर. ए.' तपासणी या आजारात बहुधा निर्दोष येते. 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून पुष्कळजण घरी बसतात आणि तिथेच घात होतो. सहा महिन्यांच्या विलंबानेही सांध्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. स्टेरॉइडची सुई कुणाकडूनही टोचून घेऊ नये. तिचा असर उतरला की कातडी जास्तच भडकू शकते. मेथोट्रेक्सेट सुरू झाले तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते.

मी त्या शेतकऱ्याला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवले. आता टाच दुखत नाही, धारही तोच काढतो. उजव्या हाताचे एक बोट मात्र वाकडेच राहिले.