विलायतेतला माणूस इंग्लिश की ब्रिटिश?

विलायतेत नातेवाईक असलेली कोकणी मुस्लिम कुटुंबं आपल्या रायगडात कमी नाहीत. तरी 'इंग्लंड' आणि 'ब्रिटन' आपण एकच समजतो. वर्गात मुलंही आम्हाला हाच सवाल विचारतात.

युनायटेड किंगडमचे भाग चार : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड. पासपोर्ट एकच, ब्रिटिश. पण फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी संघ चार. २०१४ मध्ये स्कॉटलंडने वेगळं व्हायचं का यावर मतदान घेतलं. ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. उत्तर आयर्लंडमध्ये तर १९९८ च्या करारानुसार माणूस स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवू शकतो.

यात नवल काय? जोहे गावचा माणूस पेणकर असतो, कोकणी असतो, मुसलमान असतो आणि भारतीयही. एक ओळख दुसरीला खोडत नाही. २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झालेले हमजा युसुफ स्कॉटिशही आहेत आणि मुस्लिमही.

नागरिकत्वाचं मात्र तसं नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. ओसीआय कार्डावर येणं-जाणं, राहणं होतं; पण शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते.

म्हणून तिकडे राहणाऱ्या मुलाने अर्ज भरण्याआधी अब्बा-अम्मीशी बसून बोलावं. वतनाची माया कागदाने जात नाही, पण हक्क जातात.