वादळात पडलेले झाड

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव अगदी समुद्रकाठी वसलेले आहे. कवी केशवसुतांचे हे जन्मगाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचे सडे, आणि मधल्या भागात नारळी-पोफळी, आंबा व फणस यांची आगरे, अशी ह्या किनाऱ्याची ठेवण आहे. जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो. त्यामुळे मोठमोठ्या वृक्षांची मुळे खोल न जाता आडवी पसरतात. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' नावाचे चक्रीवादळ ह्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असंख्य झाडे मुळांसकट उलथून पडली.

पडलेले झाड म्हणजे वर्षाचे सरपण. घरोघरी गॅस आला असला, तरी न्हाणीचे पाणी तापविण्यास, उकड्या तांदळासाठी भात उकडण्यास आणि काजूबिया भाजण्यास चूल लागतेच. पण वादळ झाले मेच्या मध्यावर, आणि मृगाचा पाऊस तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच दाराशी येतो. म्हणजे तोडणे, ओढणे, फोडणे व रचणे ही सारी कामे जेमतेम तीन आठवड्यांत उरकावी लागतात. पाऊस सुरू झाला की ओंडका बांधावर पडून भिजत राहतो, आणि पुढे त्याला वाळवी व बुरशी लागते.

घाई असली तरी ह्या कामात उतावळेपणा चालत नाही. उभ्या झाडापेक्षा पडलेले झाड अधिक फसवे असते. त्याचे खोड कोठे फांद्यांवर टेकलेले, कोठे अधांतरी, असे ताणलेल्या धनुष्यासारखे असते. खोड दोन्ही टोकांना टेकले असेल, तर त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. अशा वेळी वरूनच कापत गेल्यास फट मिटते आणि करवत आत अडकते. म्हणून जाणता माणूस वरून थोडेसेच कापतो व उरलेले खालून कापून काढतो. एकच टोक टेकलेले असून दुसरे अधांतरी असेल, तर नेमके उलटे करावे लागते. हल्ली यंत्राच्या करवती आल्या आहेत. त्यांनी काम झपाट्याने होते. मात्र चूक झाल्यास अपघातही तितक्याच झपाट्याने होतो.

उपटलेल्या मुळांचा गड्डा हा आणखी एक धोका. खोडाचा भार तुटताच तो एकदम मागे फिरून आपल्या खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात डोकावणाऱ्या मुलांना मोठी माणसे रागावून बाहेर काढतात, ते ह्याच कारणाने.

आता वजनाचा हिशेब पाहू. ओले कठीण लाकूड वजनाने जवळजवळ पाण्याइतके असते. ३० सेंटिमीटर व्यासाचा व २ मीटर लांबीचा ओंडका सुमारे १४० किलो भरतो. व्यास दुप्पट झाला, तर वजन दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ५६० किलो होते! म्हणून जाड बुंध्याचे तुकडे आखूड करतात. फणसाचा सरळ बुंधा मात्र चुलीत घालण्याचा नव्हे. तो फळ्यांसाठी राखून ठेवतात.

ओंडका हलविण्यापूर्वी तो पहारेने जरा उचकटून पाहतात. त्याच्या सावलीत फुरसे दडलेले असण्याचा संभव असतो, आणि कोकणात ह्या विषारी सापाची वाण नाही. मग खाली गोल वासे घालून, दोर बांधून, सर्वांनी एका हाकेसरशी ओढावयाचे. उतारावर ओंडक्याच्या खालच्या अंगाला कोणीही उभे राहावयाचे नाही, हा नियम तर लहान मुलांनाही ठाऊक असतो.

फोडण्याचे काम अंगणात चालते. लाकडाच्या टोकाला ज्या बारीक चिरा दिसतात, त्यांच्याच रेषेत कुऱ्हाड घालतात. चीर उघडली की तीत पाचर ठोकतात. ती रुतली, की पुढच्या फटीत दुसरी. ऐन किंवा किंजळ वाळल्यावर फार चिवट होतो, म्हणून तो ओला असतानाच फोडलेला बरा. फांदी जेथे फुटते तेथील गाठ सहसा दाद देत नाही. ती तशीच बाजूला ठेवतात. न्हाणीच्या चुलीत ती सावकाश पुष्कळ वेळ जळते.

ओले लाकूड जाळले, तर उष्णतेचा मोठा भाग त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होतो, आणि घर धुराने भरते. म्हणून फाळ्या मांगरात जमिनीपासून थोड्या उंचावर, मध्ये वारा खेळेल अशा रचतात. दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज आला, तर लाकूड वाळले असे समजावे. बद्द आवाज आल्यास ते ओले आहे. जाड फाळ्या बहुधा बद्दच वाजतात. त्या रचाईच्या तळाशी जातात, आणि त्यांची पाळी पुढच्या वर्षी येते.