लॅपटॉप मंदावला? नवा घेण्याआधी हे पाहा

केळशीत आमच्या घरी लेकीचा ऑनलाइन वर्ग सारखा अडकू लागला. नवा लॅपटॉप घ्या, असा सल्ला मिळाला. आम्ही आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. ‘सीपीयू’ या रकान्यावर क्लिक करताच सर्वाधिक ताण देणारा प्रोग्राम वर आला. तापमान, मेमरी, नेटचा वेग पडद्यावर सतत दाखवणारे ते छोटे साधन होते! ते क्षणाक्षणाला मोजमाप घेते. जुन्या लॅपटॉपला तेवढेही जड जाते. ‘स्टार्टअप’ यादीत ते ‘डिसेबल’ केले, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि वर्ग सुरळीत चालला. अँटिव्हायरस किंवा अनोळखी नावाचा प्रोग्राम मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका. अल्हम्दुलिल्लाह, इस्राफ टळला!