घाम वाळत नाही, त्याचा हिशेब कोण देणार?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कंत्राटी सफाई कामगाराच्या विधवेचे नुकसानभरपाईचे प्रकरण आले. एप्रिल महिन्यात भर दुपारी कचऱ्याची गाडी भरताना तो मुंबईच्या रस्त्यावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. कंत्राटदाराच्या लेखी जबाबात सारा भर एकाच मुद्द्यावर होता. त्या दिवशी शहराचे कमाल तापमान ३६ अंश होते, उष्णतेची लाट जाहीर झालेली नव्हती, सबब कामाचा आणि मृत्यूचा काही संबंध नाही! आम्ही हवामानाच्या नोंदी काढल्या. तापमान खरोखरच ३६ होते. पण त्याच कागदावर शेजारी दुसरा रकाना होता. हवेतील आर्द्रतेचा. तो कुणी वाचलाच नव्हता. प्रकरण पुढे तडजोडीत मिटले. बाईच्या हाती थोडे पैसे पडले. पण आर्द्रता हा शब्द कुठल्याही आदेशात आला नाही.

आज वाचकांपुढे आम्हाला हाच न वाचलेला रकाना मांडायचा आहे.

माणसाचे अंग घामाने थंड राहते असे आपण म्हणतो. खरे तर ते घाम वाळल्याने थंड राहते. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच कोंडते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून घेतलेल्या तापमानात ऊन आणि दमटपणा दोन्ही मोजले जातात. हे ओले तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणूसही काही तासांतच दगावू शकतो, असे शास्त्रज्ञ मानत आले. २०२२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत तरुण, धडधाकट माणसांचे शरीरही ३०-३१ अंशांच्या आसपासच हार मानू लागते असे दिसले. मग पन्नाशीच्या, अर्धपोटी, डोक्यावर पाटी वाहणाऱ्या आमच्या माणसाचे काय?

आता ही वाफ येते कुठून? मुंबईकर म्हणेल, समुद्रातून. ते खरेच आहे. पण शहर स्वतःही वाफ तयार करते. पेट्रोल, डिझेल, गॅस यांत कार्बनबरोबर हायड्रोजन असतो. तो जळाला की त्याचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत उतरते. दहा बाय बाराच्या, एका खिडकीच्या झोपडीत स्वयंपाक करणाऱ्या मायबहिणींना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी हे डोंगरांनी वेढलेले शहर. तिथे हिवाळ्यात हवा कोंडते तेव्हा शहराच्या हवेतील १३ टक्क्यांपर्यंत वाफ ही इंधन जळून आलेली असते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

पण इथे थांबलो तर दोष रिक्षावाल्याच्या सीएनजीवर आणि गरिबाच्या शेगडीवर ढकलला जाईल. व्यवस्थेला तेच हवे असते. म्हणून पुढचे नीट समजून घ्या. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात उन्हाळ्यात ही थेट वाफ समुद्राच्या वाफेपुढे किरकोळ आहे. शिवाय हवेतली वाफ साधारण दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. इंधनाचा खरा तडाखा दुसऱ्या वाटेने बसतो. त्याच जळणातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे हवेत राहतो. कारखानदारी युगाच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. त्याने हवाही तापली, समुद्रही तापला. आणि हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणजे समुद्राची वाफ वाढवणाराही शेवटी कोळसा आणि तेलच आहे!

हे परीक्षानळीतले ज्ञान नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी सोहळ्यासाठी लाखो माणसे तासन्‌तास उन्हात बसवली गेली. सरकारी आकड्यानुसार १४ जण दगावले. तापमान होते ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल. तिथे पारा ४५ वर जातो. पण विदर्भाचे ऊन कोरडे आणि खाडीकाठचे ऊन ओले. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशात पडलेल्या दमट उष्म्याचा अभ्यास 'वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने केला. माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे अशा उष्म्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आणि तरी उष्णतेची लाट जाहीर करण्याचा आजवरचा निकष काय? किनारपट्टीवर पारा किमान ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश अधिक. या निकषात आर्द्रतेला जागाच नाही. हाच निकष कंत्राटदाराच्या वकिलाच्या हातात ढाल बनतो.

आता इंधन जाळतो कोण आणि घाम गाळतो कोण, हेही पाहा. बंगल्यातला एसी खोलीतली वाफ शोषून घेतो. त्याची नळी खाली रस्त्यावर टपकत राहते. खोलीतली उष्णता तो गल्लीत फेकतो. त्याला लागणारी वीज या देशात आजही मुख्यतः कोळशावर होते. त्याच गल्लीत आमचा माणूस झाडू मारतो आणि रात्री पत्र्याखाली तळमळतो. सावली, गारवा आणि कोरडी हवा यांचीही चातुर्वर्ण्यासारखी वाटणी झाली आहे!

एके काळी याच मुंबईत आर्द्रता कायद्याच्या कक्षेत होती. सूत तुटू नये म्हणून गिरणीमालक विणकाम खात्यात मुद्दाम दमट हवा राखत. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १५ होते ते या कृत्रिम दमटपणावर मर्यादा घालण्यासाठी, त्याची मोजणी करण्यासाठी. या विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. त्या खात्याचा पगार आम्हाला नाकारला गेला. आज मात्र त्या खात्यासारखी दमट हवा सगळ्या शहरावर पसरली आहे आणि तिच्यात राबायला आम्हीच पुढे! फरक एवढाच की गिरणीच्या भिंतीआड आर्द्रता मोजायला कलम होते. उघड्या रस्त्यावर काहीच नाही.

कायद्याला वाट नाही असे मात्र नाही. स्वच्छ हवा हा कलम २१ चा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यात सांगितले. मार्च २०२४ मध्ये रणजितसिंह खटल्यात न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये मान्य केला. तो खटला माळढोक पक्ष्याचा होता. पक्ष्याच्या निमित्ताने मिळालेला हा हक्क झाडूवाल्याच्या उपयोगी आणायचा तर पुरावा लागेल. पालिकेच्या प्रत्येक कंत्राटात ओल्या तापमानाची मर्यादा, त्यापुढे पगारी विश्रांती, सावली आणि पाणी ही अट असलीच पाहिजे. भर उन्हात कामावर माणूस कोसळला तर पंचनाम्यात तापमानाबरोबर आर्द्रताही नोंदली गेली पाहिजे.

तोवर आपण काय करायचे? दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला ओले सुती फडके बांधा. वस्तीतल्या विहारात, जिथे ऊन थेट पडत नाही अशा भिंतीवर ते टांगा. रोज दुपारी दोन वाजता दोन्हींचे आकडे वहीत लिहा, तारीख घाला आणि लिहिणाऱ्याने खाली सही करा. उद्या एखादी बहीण नवऱ्याच्या मृत्यूचा कागद घेऊन आमच्याकडे आली, तर आम्ही तिला पहिला प्रश्न विचारू, तुमच्या वस्तीत वही आहे का?