रुसलेली मोटरसायकल

जुन्या वाड्याच्या जिन्याखालीं अथवा सोसायटीच्या आवारांतील एखाद्या कोपऱ्यांत ताडपत्री पांघरून उभी असलेली ‘बुलेट’ किंवा ‘येझदी’ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. घरांतील कोणा वडील माणसानें पगारांतून पैसे शिल्लक टाकून ती घेतलेली असते. तिच्या टाकीवर बसून घरच्या मुलांनीं आपला पहिला दूरचा प्रवास केलेला असतो. आणि आतां तिच्याविषयीं घरांत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो ठेवावी, दुसरा म्हणतो जागा अडते, देऊन टाकावी. या वादाचा निकाल युक्तिवादानें क्वचितच लागतो. एखाद्या रविवारीं सकाळीं कोणी तरी तिला दहा-वीस किका मारतो, ती ढिम्म राहते, आणि निकाल भंगारवाल्याच्या बाजूनें होतो.

हा निकाल पुष्कळदां अन्यायाचा असतो असें आमचें मत आहे. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचें इंजिन मेलेलें असतेंच असें नाहीं. तें बहुधा उपाशी असतें, किंवा त्याला ठिणगी मिळत नसते. आणि या दोहोंचें कारण एखाद्या केंसाएवढ्या छिद्रांत किंवा टिकलीएवढ्या धातूच्या तुकड्यावर दडलेलें असतें. प्रश्न केवळ भावनेचा आहे असेंही कोणी समजूं नये. खाजगी वाहनाची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते व पुढें ती ५-५ वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्यासाठीं वाहन परिवहन कार्यालयापुढें तपासणीस उभें करावें लागतें. जी गाडी सुरूच होत नाहीं ती तपासणीस जाणार कशी? मुदत टळते, दंड सांचतो, आणि मग चालूं शकली असती अशी गाडीही वजनावर विकली जाते.

आम्ही येथें बोलत आहों तें किकनें सुरू होणाऱ्या, पॉइंट आणि कंडेन्सर असलेल्या गाड्यांविषयीं. मद्रासेस ‘एन्फील्ड इंडिया’ ही कंपनी १९५५ सालीं निघाली व तेथें ‘बुलेट’ तयार होऊं लागली. मैसुरास ‘आयडियल जावा’च्या कारखान्यांतून १९६१ च्या सुमारास जावा व १९७३ पासून येझदी बाहेर पडूं लागल्या, तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. या गाड्यांत संगणकासारखें कांहीं नाहीं. जें आहे तें सर्व डोळ्यांना दिसतें व हाताला लागतें, आणि म्हणूनच त्यांचा रुसवा घरच्या घरीं ओळखतां येतो.

पहिली गोष्ट ही कीं, पांच-सहा किकांत गाडी सुरू झाली नाहीं तर किक मारणें थांबवावें. पुढच्या प्रत्येक किकेबरोबर सिलिंडरांत अधिक पेट्रोल जातें, प्लग भिजतो, आणि जें इंजिन थोडक्यांत सुरू झालें असतें तें आतां मुळींच होत नाहीं. गल्लींतील चार मुलें जमवून गाडी ढकलीत नेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. पण ढकलून दोष सांपडत नाहीं. थांबून पाहावें. किल्ली फिरविली आहे काय? टाकींतील कॉक उघडा आहे काय, आणि पेट्रोल रिझर्व्हच्या पातळीखालीं तर गेलें नाहीं? ह्या गोष्टी लिहितांना आम्हांसही संकोच वाटतो, परंतु मिस्त्रीला बोलावून मग कॉक बंद आढळल्याचे प्रसंग थोडे नाहींत.

त्यानंतर पेट्रोलकडे वळावें. सहा महिन्यांपूर्वीचें पेट्रोल टाकींत असेल तर तें निखालस काढून टाकावें. पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो व मागें चिकट राळेसारखा थर राहतो. शिवाय आज आपल्याकडील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. तो फार झाला म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं वेगळें सांचतें, आणि कॉकची नळी नेमकी तेथूनच पेट्रोल उचलते. जुन्या रबरी नळ्या व वॉशर यांसही तें मानवत नाहीं. कांचेच्या बाटलींत थोडें पेट्रोल काढून उजेडांत धरावें. खालीं निराळा थर दिसला किंवा वार्निशासारखा वास आला, तर पुढची परीक्षा नवें पेट्रोल घातल्यावांचून करूंच नये.

आतां प्लग काढावा. डॉक्टर जशी जीभ पाहतो तसा मिस्त्री प्लग पाहतो. दहा किका मारूनही प्लगचें टोंक कोरडें निघालें, तर पेट्रोल आंत पोंचत नाहीं. तें पेट्रोलानें ओलें निघालें, तर पेट्रोल पोंचतें, पण पेटत नाहीं. टोंकावर कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणांत पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट चिकटा असेल तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. एवढ्या एका दृष्टिक्षेपानें अर्धें काम होतें, आणि तरीही लोक प्लग न पाहतांच नवा कार्बोरेटर विकत आणतात!

ठिणगीची परीक्षा करतांना मात्र सावधगिरी हवी. प्लग टोपींत घालून त्याचें धातूचें अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेंकवावयाचें आणि किक मारावयाची, ही रीत सर्वांस ठाऊक असते. पण प्लगच्या रिकाम्या भोकांतून त्याच वेळीं पेट्रोलची वाफ बाहेर फेंकली जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून प्लग त्या भोकापासून शक्य तितका दूर धरावा, भोंकांत कापडाचा बोळा बसवावा, आणि पेट्रोलचें भांडें दुसऱ्या बाजूस नेऊन ठेवावें. हें काम अंगणांत करावें, जिन्याखालीं नव्हे. कारण गाडी एकदम सुरू झाली तर धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बंदिस्त जागेंत सांचतो, व त्याला वास नसतो.

निळसर, ‘चट्’ असा आवाज करणारी ठिणगी उडाली तर ठिणगीचें खातें निर्दोष समजावें. पिंवळी, मरगळलेली ठिणगी किंवा ठिणगीच नसणें याचा माग बुलेटमध्यें फार सोपा आहे, आणि त्याचें श्रेय हेडलाइटवरच्या त्या लहानशा अॅमीटरला आहे. किल्ली फिरवून किक हातानें हळूहळू दाबीत जावें. पॉइंट जुळलेले असतील तेव्हां कांटा किंचित् डाव्या बाजूस, म्हणजे खर्चाकडे, झुकतो. पॉइंट उघडले कीं मध्यावर येतो. कांटा असा मागें-पुढें होत असेल तर बॅटरीपासून पॉइंटांपर्यंतची वाट मोकळी आहे. तो मुळींच हालत नसेल तर हॉर्न वाजवून पाहावा: हॉर्नही मुका असेल तर बॅटरी संपली आहे, अथवा फ्यूज किंवा एखादी तार सुटली आहे, हॉर्न खणखणीत वाजत असेल तर पॉइंट मळलेले आहेत. आणि कांटा सदैव झुकलेलाच राहत असेल तर पॉइंट उघडतच नाहींत. शेंकडों रुपयांचें उपकरण जें सांगेल तें हा कांटा फुकट सांगतो.

पॉइंट हे या सर्व प्रकरणांतील खरे खोडकर होत. गाडी एका पावसाळ्यांत उभी राहिली कीं त्यांच्या तोंडावर अस्पष्ट पांढुरका थर चढतो. तो डोळ्यांस दिसतो न दिसतो, पण विजेला पुरा अडवितो. आमच्या परिचयाच्या एका घरीं वडिलांच्या पश्चात् बुलेट चार वर्षें उभी होती. एका कारागिरानें ‘इंजिन खोलावें लागेल’ असें सांगून असा कांहीं आंकडा काढला होता कीं, मुलानें गाडी विकण्याचें ठरविलें. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या संध्याकाळीं त्याच्या धाकट्या बहिणीनें झांकण काढून पॉइंट पॉलिश पेपरच्या बारीक तुकड्यानें पुसले, त्यांतील फट मोजून लावली, नवें पेट्रोल घातलें. आणि सातव्या किकेस गाडी बोलली. गिऱ्हाईक आलें तें चहा घेऊन परत गेलें. या कामास अंगांत बळ लागत नाहीं, चिकाटी लागते, हें या निमित्तानें आमच्या भगिनींस सांगावेंसें वाटतें.

पॉइंट पूर्ण उघडलेले असतांना त्यांमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे १४ ते १६ ‘थाउ’, असावी. ती फीलर गेजनें मोजावी, अंदाजानें नव्हे. पॉलिश पेपर फिरविल्यावर बारीक कण आंत राहतात, ते लग्नपत्रिकेचा कोरा, जाड कागद पॉइंटांमध्यें धरून ओढला म्हणजे निघून जातात. (जुन्या लग्नपत्रिकांचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.) पॉइंटांचा जो फायबरचा पाय कॅमवर घासतो त्याला ग्रीसचा अगदीं किंचित् स्पर्श करावा, तो कोरडा राहिला तर झिजतो, फट कमी होते, व ठिणगी उशिरां पडूं लागते. पॉइंटांवरच मोठी ठिणगी उडतांना दिसली व एका बाजूस खड्डा, दुसऱ्या बाजूस उंचवटा झाला असेल, तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. ती वस्तु फारशी महाग नाहीं. तपासण्याच्या खटपटींत न पडतां बदलावी.

ठिणगी उत्तम, पेट्रोल ताजें, आणि तरीही प्लग कोरडा? मग नळी काढून कॉकमधून धार नीट येते कीं नाहीं तें पाहावें. थोडी धार येऊन थांबत असेल तर टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें आहे. आंत हवा न शिरल्यानें पेट्रोल बाहेर येत नाहीं. कुंभारीण माशीला असलीं छिद्रें मातीनें लिंपण्याचें मोठें वेड आहे. धार चांगली असेल तर कार्बोरेटरच्या खालची वाटी काढावी. सुरू होतांना व मंद चालतांना लागणारें पेट्रोल ज्या पायलट जेटमधून जातें त्याचें छिद्र फार बारीक असतें, व राळेनें प्रथम तेंच बुजतें. तें हवेच्या दाबानें किंवा कार्बोरेटर-क्लीनरनें मोकळें करावें. सुई अथवा तार घालूं नये. पितळ मऊ असतें, छिद्र मोठें झालें कीं मिश्रण कायमचें बिघडतें.

आंतील दाबाची परीक्षा पायालाच होते. बुलेटची किक दाबतांना ती एका जागीं घट्ट अडली पाहिजे. ती सहज बुडत असेल तर आधीं डीकॉम्प्रेसरची केबल फार ताणलेली नाहीं ना, तें पाहावें. ती ठीक असेल तर प्लगच्या भोंकांतून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा किक दाबावी. अडकाव वाढला तर रिंगा झिजल्या आहेत; न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहींत. येथें मात्र जाणत्या मिस्त्रीस बोलावणें हेंच शहाणपण.

जावा-येझदीच्या बाबतींत तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असल्यामुळें प्लग तेलकट होणें नित्याचें. एक कोरा प्लग खिशांत ठेवणें हा त्या मंडळींचा जुना नेम आहे. त्यांचे क्रँकचे सील कडक होऊन हवा आंत ओढूं लागले, तर मात्र वरचे सर्व उपाय निष्फळ होतात.

बुलेटला किक मारण्याचीही रीत आहे. अॅमीटरचा कांटा झुकून पुन्हा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबावी, डीकॉम्प्रेसर ओढून ती किंचित् पुढें न्यावी, मग किक वर येऊं देऊन डीकॉम्प्रेसर सोडावा, आणि शरीराचा भार देऊन एकच लांब किक मारावी. पायांत चपला नसाव्या. ठिणगी वेळेआधीं पडली तर किक उलटून येते, आणि तिनें घोटे व गुडघे दुखावल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

गाडी सुरू झाल्यावर प्रारंभीं धूर फार येतो, कारण उभ्या बुलेटमध्यें तेल टाकींतून झिरपून क्रँकच्या पोटांत उतरलेलें असतें. इंजिन गरम झालें कीं जुनें तेल काढून नवें घालावें, ब्रेकच्या केबली व टायरांच्या भेगा पाहाव्या, आणि मगच रस्त्यावर जावें. पुढें गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून, वाटींतील पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत तें चालूं द्यावें, आणि नंतर किल्ली काढावी.