मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा शासन निर्णय

पहिलीला तिसरी भाषा शिकवायची की नाही? 2025 च्या जूनमध्ये या प्रश्नाचं उत्तर देताना महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांची तारांबळ उडाली. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली होती. विरोध वाढला. बहुतेक ठिकाणी शाळा उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी, 17 जूनला, सुधारित निर्णय आला. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि या प्रश्नावर डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली.

गावातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत असा बदल बहुधा केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून पोहोचतो. तोवर मुख्याध्यापक वर्ग घेत असतात, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरत असतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजून देत असतात. अशा वेळी फिरत आलेल्या पीडीएफवर विसंबू नये. प्रत्येक शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत मिळते.

मदत अगदीच नाही असं नाही: अध्यापनाचं साहित्य 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर मोफत आहे, पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद प्रशिक्षणं घेते. पण मुख्याध्यापकांना खरी टंचाई वेळेची आहे. निदान धोरणातले बदल शाळा उघडण्याच्या महिनाभर आधी कळवायला हवेत.